अकराशे तेवीस यार्डांवरचा रेडा

लेसर रेंजफाइंडरच्या डब्यावर छापलेला मोठा आकडा लग्नाच्या बायोडाटातल्या उंचीसारखा वाचायचा असतो. खोटा नसतो, पण टाचांसकट असतो. '१००० यार्ड' म्हणजे समोर रस्त्यावरच्या पाटीसारखं लख्ख चमकणारं काही असेल तर हजार. झाड असेल तर सहाशे-सातशे. हरीण असेल तर चारशे-पाचशे, आणि तेही आभाळ आलेलं असेल तर. ही सगळी माहिती त्याच डब्याच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेली असते. मी डब्याचा तळ वाचला तो घरात 'हा डबा ठेवायचा की फेकायचा' ही चर्चा निघाली तेव्हा. तोवर माल परत करायची मुदत उलटून गेली होती.

मुळात माझ्यासारख्या माणसाला हजार यार्डांवरचं काही मोजायची गरजच का पडावी, हा प्रश्न आधी बायकोने, मग मुलीने आणि शेवटी फोनवरून आईने विचारला. मी सातारा जिल्ह्यातला. अंतराशी आमच्या घराण्याचा संबंध बांधापुरता. आजोबा आणि चुलत आजोबांचं हातभर बांधावरून जे वाजलं, ते दोघांच्या तेराव्यापर्यंत मिटलं नाही. मोजणीवाला यायचा, साखळी टाकायचा, नकाशा उलटा-सुलटा करून बघायचा, दोन्ही घरचा चहा प्यायचा आणि निघून जायचा. पुढे मी कॉम्प्युटर शिकलो, अमेरिकेत आलो, कोलोरॅडो स्प्रिंग्जला घर घेतलं, आणि शेजारी कोण मिळावा? निवृत्त सर्व्हेअर. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला. आमच्या घरात त्याला 'नाना' म्हणतात. कमी बोलणाऱ्या आणि सगळं माहीत असणाऱ्या म्हाताऱ्याला आमच्याकडे दुसरं नाव नाही. त्याला स्वतःला याची कल्पना नाही.

नानाचा छंद लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा. एकदा मला घेऊन गेला. दोनशे यार्डांवरची लोखंडी चकती मी वाजवली. रायफल नानाची, गोळी नानाची, टेकू नानाचा, दुर्बीण नानाने लावून दिलेली. मी फक्त चाप ओढला. पण 'टण्' ऐकून छाती फुगली ती माझी. त्या संध्याकाळी बिअर घेता घेता मी नानाला महाराष्ट्राची नेमबाजीची परंपरा ऐकवली. अंजली भागवत सांगितली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जिंकलेलं जागतिक अजिंक्यपद सांगितलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये मिळवलेलं कांस्यपदक तर असं सांगितलं, की जणू मी त्याच्या काडतुसांची पिशवी धरून उभा होतो. त्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, हेही सांगितलं. नानाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भारी आहेत. पण त्यांना अंतर आधीच माहीत असतं."

मला वाटलं, जळतोय.

गोळी सरळ जाते हा समज आपण सिनेमातून उचललेला. ती नळीबाहेर पडल्या क्षणापासून पडायला लागते. .३०८ विंचेस्टरची १७५ ग्रेनची गोळी, रायफलचा नेम शंभर यार्डांवर जुळवलेला असेल तर, हजार यार्डांवर पोचेपर्यंत साधारण तेहेतीस फूट खाली येते. तेहेतीस फूट म्हणजे आपली मोजणीची एक साखळी. तेहेतीस बाय तेहेतीसचा एक गुंठा. आजोबांच्या हिशोबात गोळी एक साखळी पडते. नानाची ६.५ क्रीडमूर जरा कमी पडते, पण पडतेच. शिवाय लांब जाईल तशी तिची वाट जास्त जास्त कलत जाते. तीनशे यार्डांवर अंतराचा अंदाज दहा यार्डांनी चुकला तर इंचभराचा फरक. हजारावर तेवढाच चुकला तर आठ-दहा इंचांचा. दीड फुटी चकतीच्या बरोबर मध्यावर धरलेला नेम तिथे काठावर जातो. म्हणजे हात स्थिर, श्वास रोखलेला, चाप लोण्यागत ओढलेला, आणि अंतर चुकीचं, तर सगळी साधना मातीत. अक्षरशः मातीत, दुर्बिणीतून धुरळा दिसतो.

नाना अंतर यंत्राशिवाय काढायचा. रायफलच्या दुर्बिणीत मिलच्या, म्हणजे मिलिरेडियनच्या, बारीक खुणा असतात. चकतीची उंची इंचांत घ्यायची, २७.७८ ने गुणायची, ती जितके मिल दिसते त्याने भागायची; यार्ड मिळतात. १८ इंची चकती ०.६ मिल दिसली तर ८३३ यार्ड. ०.५ दिसली तर १०००. डोळ्याने एक दशांश मिल इकडेतिकडे केला की १६७ यार्ड इकडेतिकडे. नानाचं उत्तर जवळजवळ बरोबर यायचं आणि मग तो खिशातून जुनं लायकाचं यंत्र काढून ते तपासायचा. माझ्या हिशोबाने काही चकत्या पुढच्या काउंटीत निघाल्या.

"यंत्र घे," नाना म्हणाला. त्याच्याकडून आलेलं हे बऱ्यापैकी लांब भाषण होतं.

बाजार बघितला. वरच्या टोकाला व्हेक्ट्रॉनिक्स, स्वारोव्हस्की, लायका; त्यांच्या किमती वाचताना माणूस आपोआप उभा राहतो. मध्ये व्होर्टेक्स, बुशनेल, सिग साउअरची 'किलो' मालिका. आणि खाली शे-दीडशे डॉलरांत अशी यंत्रं, ज्यांची नावं नुसती अक्षरं आणि आकडे एकत्र खुळखुळवून टाकलेली वाटतात. महागावर यार्ड लिहिलेले, स्वस्तावरही यार्डच लिहिलेले. मग लोक जास्त पैसे का देतात? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि मीच उत्तर दिलं: लोक मूर्ख असतात.

इंजिनिअर माणूस, म्हणून एक्सेल केलं. वजन, बॅटरी, किंमत असे रकाने, आणि सगळ्यात शेवटी माझा स्वतःचा शोध: डॉलर भागिले यार्ड. दीडशे डॉलरचं हजार यार्डवालं यंत्र यार्डाला पंधरा सेंटने पडत होतं. त्याच्या जवळपास कोणी येत नव्हतं. रात्री उशिरा मी हा तक्ता बायकोला दाखवला. ती उद्याच्या डब्यासाठी मटकी निवडत होती. तिने मान वर करून बघितलं आणि विचारलं, "अहो, सगळ्यांचे यार्ड सारखेच असतात का?"

मी हसलो. आता त्या हसण्याची मला फार लाज वाटते, कारण रेंजफाइंडरचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे.

यंत्र करतं काय, तर ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशाचा ठोका सोडतं, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजतं, आणि वेळावरून अंतर काढतं. हजार यार्ड जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे सहा मायक्रोसेकंद लागतात. यार्डाची चूक टाळायची तर सहा-सात नॅनोसेकंदांचा फरक ओळखता यायला हवा. थिओडोर मेमनने १९६० मध्ये पहिला लेसर चालवून दाखवला; आज हे घड्याळ खिशात मावतं आणि दीडशे डॉलरला मिळतं. इथपर्यंत माझी बाजू भक्कम होती.

पण वेळ मोजायला आधी काहीतरी परत यावं लागतं. पांढरी रंगवलेली पाटी आलेल्या प्रकाशातला बराचसा परत धाडते, ओली झाडाची साल किंवा जनावराची कातडी बराचसा गिळून टाकते. त्यात भर दुपारी सूर्य स्वतःचा अवरक्त प्रकाश सगळ्या रानावर ओतत असतो. त्या गोंगाटात आपला दमलेला ठोका ओळखायचा. शिवाय किरण आपल्याला वाटतो तसा सुईसारखा राहत नाही, पसरतो. एक मिलिरेडियन पसरला तर हजार यार्डांवर एक यार्ड रुंद होतो. स्वस्त यंत्रात तो एका अंगाने तीन-चार मिलिरेडियनही पसरलेला सापडतो. म्हणजे चकती दीड फुटी आणि तिच्यावर पडलेला उजेडाचा पट्टा दहा-बारा फुटी. त्या पट्ट्यात पुढचं गवत आलं, मधलं झुडूप आलं, मागची टेकडी आली. सगळीकडून ठोके परत येतात. यातला कुठला खरा मानायचा, हे यंत्र बनवणाऱ्याने आधी ठरवून ठेवलेलं असतं. शिकारीच्या यंत्रात बहुधा लांबचा धरायची सोय असते, कारण शिकाऱ्याच्या आणि जनावराच्या मध्ये झुडपं असतात. गोल्फच्या यंत्रात जवळचा धरतात, कारण झेंड्याच्या मागे झाडं असतात आणि खेळणाऱ्याला झेंडाच हवा असतो.

गोल्फचा उल्लेख इथे पहिल्यांदाच येतो आहे. माझ्याही आयुष्यात तो असाच उशिरा आला.

मी घेतलेल्या यंत्राच्या डब्यावर हिरवीगार टेकडी होती, निळं आकाश होतं आणि कोपऱ्यात एक छोटासा झेंडा. टेकडी बघून मला शिकार आठवली. झेंडा कंपनीचा असणार, असं मी धरून चाललो. हिरवळ इतकी एकसारखी कापलेली कशी, ही शंका मनात आली होती, पण सवलत संपायला थोडेच तास उरले होते.

यंत्र आल्यावर मी गॅलरीत उभा राहून कॉलनी मोजली. टपालाची पेटी, कोपऱ्यावरची पाटी, पाण्याची टाकी. आकडे झटक्यात येत होते आणि दर वेळी यंत्र हातात गोड थरथरायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, लोकांना वाटेल तुम्ही त्यांच्या घरात बघताय." समोरच्या बाईंनी पडदा ओढून घेतला त्याचं अंतर मला आजही पाठ आहे.

मग रॅटनला जायचं ठरलं. कोलोरॅडो स्प्रिंग्जहून इंटरस्टेट २५ ने सरळ दक्षिणेला, ट्रिनिडाडनंतर सुमारे ७८०० फुटांवरची रॅटनची खिंड, ती उतरलं की न्यू मेक्सिको. तिथे नॅशनल रायफल असोसिएशनचं व्हिटिंग्टन सेंटर आहे, सुमारे तेहेतीस हजार एकरांचं. याचे गुंठे काढू नयेत, सातारकराला भोवळ येते. तिथे लांबवर एक लोखंडी बायसन उभा आहे, पांढरा रंगवलेला, खऱ्या जनावराएवढा. मी आणि बायको मराठी, म्हणून तो आमच्यात पांढरा रेडा. तो ११२३ यार्डांवर आहे. तिथे येणाऱ्या झाडून सगळ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो. नवखी पोरंसुद्धा पार्किंगमध्येच सांगतात. बायको खाली उतरताक्षणी कोणाकडून तरी ऐकून आली होती. मी मात्र कोणाशी बोललो नव्हतो. मी यंत्र पुसत होतो.

दुपारचं कडक ऊन. बंदुका थांबलेल्या, पण सगळ्यांच्या कानावर झाकणं. कान झाकलेला माणूस आपण किती ओरडतोय हे विसरतो. मी बाकावर कोपरं टेकवली, रेड्याच्या खांद्यावर चौकट धरली आणि बटण दाबलं. यंत्र थरथरलं, म्हणजे सापडलं. आकडा आला ४१२. मी तो अख्ख्या रांगेला कळेल अशा आवाजात इंग्रजीत जाहीर केला.

शेजारच्या बाकावरच्या मोठ्या टोपीवाल्याने कानावरची झाकणं काढली आणि तो रेड्याकडे बघायला लागला. बहुतेक रेडा चालत पुढे आला की काय, हे तपासत असावा.

मी परत दाबलं. ४०९. परत दाबलं. नुसत्या रेघा. वाटेत, उतारावर, एक ज्युनिपरचं झुडूप होतं. किरणाच्या पट्ट्याचा खालचा काठ त्याच्यावर पडत होता आणि यंत्र इमानेइतबारे सगळ्यात जवळचं तेच धरत होतं. रेड्यापर्यंत जाऊन परत यायची त्याची ताकदच नव्हती. नानाने यंत्र हातात घेतलं, डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं.

"आत झेंडा दिसतोय," तो म्हणाला.

"कंपनीचा आहे," मी म्हणालो.

नानाने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं लोकांची कुंपणं चुकीच्या जागी असल्याचं ज्याने त्यांना तोंडावर सांगितलं असेल, त्या माणसाच्या डोळ्यांत दयासुद्धा मोजून येते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण पैसे दिले होते. मी म्हटलं, लांबचं नसेल झेपत, जवळचं तर झेपेल. चढावर फूटभर रुंद चकती होती, पाचशे यार्डांवर. यंत्रात चढ-उताराचा हिशोब करायची सोय होती. एक्सेलमध्ये तिच्यापुढे मी दोन टिकमार्क केले होते. यंत्र म्हणालं ५७०. नानाच्या लायकाने तिरकं अंतर ५०० आणि धरायचं अंतर ४९५ सांगितलं. "तुझ्या यंत्राचं घाल," नाना म्हणाला. शिकवायची ही त्याची पद्धत आहे, आणि तिच्यात गोळ्यांचे पैसे शिकणाऱ्याचे. मी ५७० घातलं. चकतीच्या वर मातीतून धुरळा उडाला. परत मारली. तिथेच धुरळा. मला स्वतःच्या सातत्याचा अभिमान वाटला, एवढंच काय ते.

गोळीचं असं असतं, की चढावर मारा किंवा उतारावर, अंतर कमीच धरायचं. गुरुत्वाकर्षण तिला आडव्या अंतरापुरतंच ओढून खाली आणतं. म्हणून तिरक्या अंतराला कोनाच्या कोसाइनने गुणतात. आठ अंशांच्या चढावर पाचशेचे चारशे पंचाण्णव. गोल्फच्या चेंडूला मात्र चढावर नेहमीपेक्षा जोर जास्त लागतो, म्हणून गोल्फचं यंत्र चढाची उंची अंतरात मिळवूनच सांगतं. त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं. गोळी फूटभर वरून गेली याचा दोष त्याला देता येत नाही. तिथे हिरवळ असती तर चेंडू भोकाशेजारी जाऊन बसला असता.

चांगल्या काडतुसाला दोनेक डॉलर पडतात. परतीच्या वाटेवर, खिंड चढताना, मी मनातल्या मनात वाचवलेले पैसे आणि टेकडीत घातलेले पैसे यांची वजाबाकी करत होतो. बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "यार्डाला किती सेंट पडले हो?"

दुसरं यंत्र घेताना एक्सेल केलं नाही. नानाच्या ओळखीच्या एकाकडे किलो मालिकेतलं जुनं, वापरलेलं यंत्र होतं, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. नानाने त्याला भर दुपारी बाराला त्याच्याच कुंपणाशी उभं केलं आणि लांब चरणाऱ्या काळ्या अँगस गाईकडे बोट दाखवलं. पाटी नाही, पांढरी भिंत नाही. काळी गाय, डोक्यावर सूर्य. पहिल्या दाबात आकडा आला, दुसऱ्यात तोच, तिसऱ्यात एकाने कमी, कारण गाय हलली. मग नानाने ते तिकाटण्यावर बसवलं. सातपट मोठं दाखवणारं यंत्र हाताचा कंपही सातपट मोठा दाखवतं, आणि हजार यार्डांवर माझा हात आख्ख्या टेकडीवरून फिरून येतो. आतले आकडे काळ्याऐवजी लाल होते, म्हणजे संध्याकाळी काळ्या झाडीवर काळा आकडा शोधत बसायला नको. किरण किती पसरतो हे त्या माणसाला माहीत होतं. विकणाऱ्याला हे माहीत असणं ही माझ्या मते डब्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी खूण. बाकी बॅटरी, पाऊसपाण्याचं कवच, गळ्यात अडकवायचा पट्टा वगैरे जे असतं ते होतंच.

पांढऱ्या रेड्यावर त्याने ११२४ दाखवलं, मग ११२२, मग ११२३. मी या वेळी कोणाला ओरडून सांगितलं नाही. तिथे ते सांगणं म्हणजे पुण्यात कोणाला शनिवारवाड्याचा पत्ता सांगणं.

अंतर बरोबर आलं की वारा उरतो, आणि त्याला मोजणारं यंत्र आपल्या जागेवरचा वारा सांगतं, रेड्याजवळचा नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा एवढ्या अंतरात गोळीला कित्येक फूट बाजूला नेतो. माझ्या बऱ्याच गोळ्या रेड्याच्या पुढून आणि मागून आदबीने निघून गेल्या. मग एक लागली. तिथपर्यंत गोळीला दीड सेकंदाहून जास्त लागतो आणि आवाज परत यायला आणखी तीन. नाना मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. तो "लागली" म्हणाला तेव्हा मी चुकली असं समजून पुढचं काडतूस चढवत होतो. मग 'टण्' आलं. नेम खांद्यावर धरला होता, लागली शेपटीच्या मुळाशी. नानाने वहीत नोंद केली. सर्व्हेअर माणूस, जिथे लागली तिथलीच केली.

पहिलं यंत्र गणपतीत मार्गी लागलं. मंडळात एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आहेत, गोल्फचे भक्त. त्यांना मी ते जवळजवळ घेतल्या किमतीत दिलं आणि वर 'फारसं वापरलेलं नाही' हे सत्यही सांगितलं. महाप्रसादाच्या रांगेत त्यांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. "काय निवड आहे हो तुमची! झेंडा सापडला की हातात कसं थरथरतं! चढाचा हिशोब तर एकदम चोख!" आजूबाजूचे चार जण वळले. त्यातला एक तरुण, नुकताच डेन्व्हरला आलेला, ताट घेऊन माझ्याशेजारीच येऊन बसला. त्यालाही रेंजफाइंडर घ्यायचा होता. कुठला घेऊ, काका?

मी मसालेभात बाजूला सारला, घसा साफ केला आणि विचारलं, "आधी हे सांगा, मोजायचंय काय? झेंडा की रेडा?"

त्याने जरा विचार केला. "दोन्ही मोजेल असं काही नाही का? दीडशेच्या आत?"

मला तो मुलगा फार आवडला.